काळ्यातून काढलेला उजेड

गेल्या महिन्यात गणिताच्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही आम्ही काढून घेतली. उदाहरणांच्या जागी त्याने पान पेन्सिलीने गच्च काळे केले होते आणि खोडरबराने पुसत पुसत त्यातून एक डाळिंब काढले होते. वर्गात आम्ही रागावलोच. घरी वही पुन्हा उघडली, तेव्हा मात्र जाणवले की या पोराला नकळत एक जुनी कला सापडली आहे. तिचे नाव मेझोटिंट.

ही छापचित्राची रीत लुडविग फॉन सीगन यांनी १६४२ च्या सुमारास युरोपात शोधली. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. बारीक दातांचे, गोलसर धारेचे पोलादी हत्यार त्यावर पाळण्यासारखे डोलवत सगळ्या दिशांनी फिरवायचे. पत्रा खरखरीत होतो. आता शाई लावून छापला, तर कागदावर मखमलीसारखा निव्वळ काळोख उमटेल. एवढ्या तयारीलाच कित्येक तास, कधी कित्येक दिवस जातात आणि चित्राचा तर अजून पत्ताही नसतो!

चित्र त्यानंतर सुरू होते. जिथे उजेड हवा तिथे तो खरखरीतपणा खरवडून, घासून कमी करायचा. जेवढे गुळगुळीत, तेवढी शाई कमी धरते. पाटीवर आपण काळ्यावर पांढरे लिहितो. इथे काळे कमी करत पांढऱ्यापर्यंत जायचे. जास्त खरवडले गेले, तर काळोख परत आणणे फार अवघड. छापताना पत्रा झिजतो, म्हणून चांगल्या प्रतीही मोजक्याच निघतात. फोटोग्राफी आल्यावर एवढी मेहनत कोण करणार? ही कला जवळजवळ विसरली गेली.

विसाव्या शतकात तिला पुन्हा उभे करणाऱ्यांत जपानचे योझो हामागुची हे मोठे नाव. जन्म १९०९, वाकायामा प्रांतातला. घराण्याचा सोया सॉसचा पिढीजात व्यवसाय. मुलगा टोकियोच्या कला विद्यालयात शिल्पकला शिकायला गेला आणि १९३० मध्ये तेही सोडून पॅरिसला निघाला. महायुद्धामुळे १९३९ मध्ये परतावे लागले. १९५३ मध्ये तो पुन्हा पॅरिसला गेला. तिथे त्याने मेझोटिंटमध्ये रंग आणला. पिवळा, तांबडा, निळा आणि काळा, असे चार वेगळे पत्रे एकाच कागदावर एकावर एक छापायचे. केसभर सरकले तर सगळे वाया. चित्रांचे विषय मात्र साधे: चेरी, कलिंगडाची फोड, अक्रोड. भोवती गडद काळोख आणि मधोमध ते एवढेसे फळ, जणू आतून उजळलेले. १९५७ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलोच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांना छापचित्रांचे मोठे पारितोषिक मिळाले.

त्या मुलाचे अब्बा शाळेत आले होते. म्हणाले, "सर, याला दुकान सांभाळायचंय. चित्रांनी घर चालतं का?" प्रश्न खोटा नाही. हामागुचींच्या घरी सुबत्ता होती, हेही आम्ही त्यांच्यापासून लपवले नाही. पण तासन् तास पत्रा खरवडण्याचा सब्र पैशाने येत नाही. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. टोकियोत १९९८ मध्ये हामागुचींच्या चित्रांचे संग्रहालय उघडले. ते उभारले त्याच सोया सॉसच्या कंपनीने. ज्या धंद्यात मुलगा बसला नाही, त्याच धंद्याने शेवटी त्याची चित्रे सांभाळली.

अब्बा बराच वेळ ते डाळिंब पाहत राहिले. मग म्हणाले, "हे यानं काढलं? घरी कधी दाखवलं नाही."

मुले का दाखवत नाहीत, याचे उत्तर आम्हालाही द्यावे लागेल; वही तर आम्हीच हिसकावली होती. आता ठरले आहे: उदाहरणे पूर्ण झाली की मागची पाने त्याची. तुमच्या घरीही अशी एखादी वही असेल. दप्तर तपासताना नव्हे, चहाच्या वेळी, मुलाला विचारून ती एकदा पाहा. परवा त्याने आमच्यापुढे वही ठेवली. नऊ उदाहरणे होती, त्यांतली दोन चुकलेली. मागच्या पानावर काळोखात अर्धा अक्रोड होता.