गंडा, कायदा आणि कुलूप

लखनौच्या अमीनाबादेत टुंडे कबाबीच्या दुकानापुढे उभे राहिले की सगळा कारभार उघड्यावर दिसतो. मोठा गोल तवा, त्यावर बोटांनी चपटे थापलेले कबाब, शेजारी उलट्या तव्यावर फुगणारा पराठा. झाकलेला असतो तो फक्त मसाला. हाजी मुराद अली यांना एकच हात होता म्हणून दुकानाला हे नाव पडले. 1905 साली ते चौकात सुरू झाले, अमीनाबादचे दुकान नंतरचे. मसाल्यात 160 जिन्नस पडतात असे सांगितले जाते, पण ते कोणते हे घराबाहेर जात नाही.

जाऊ दिले तर परत आणायची सोय नाही. भारतीय कॉपीराइट कायदा पाककृती लिहिणाऱ्याच्या शब्दांचे रक्षण करतो, कृतीचे नाही. कृती वाचून कुणी तसाच कबाब भाजला तर त्याला अडवणारे कलम नाही. नावावर ट्रेडमार्क मिळतो, चवीवर मिळत नाही. मग तोंड बंद ठेवणे हाच उपाय उरतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाण्यातही हेच चाले. खानदानी चीज ही घराची मिळकत. ती मुलाला मिळे, जावयाला हुंड्यात दिल्याच्याही गोष्टी सांगतात. बाहेरच्या शागिर्दाने शिष्यत्वाचा गंडा बांधावा, वर्षानुवर्षे हुक्का भरावा, मग अस्थाई पदरात पडावी; अंतऱ्यासाठी पुन्हा खाँसाहेबांच्या मर्जीची वाट पाहावी. मैफलीत परका गवई दिसला की ठेवणीतली चीज गिळून टाकणारे उस्तादही होते. त्यांना हसण्याचे कारण नाही. चीज एकदा दुसऱ्याच्या गळ्यात गेली की दाद मागायला ना कोर्ट होते, ना कलम.

अमीनाबादला लागूनच कैसरबाग आहे. तिथे 1926 मध्ये मॅरिस कॉलेज हे संगीताचे विद्यालय सुरू झाले, आणि ते ज्यांच्या खटपटीने उभे राहिले ते विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते. जन्म वाळकेश्वरचा, 1860 चा. वकिली सोडून ते देशभर हिंडले, संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत आणि उस्तादांच्या ओसरीवर बसले, मिळतील त्या चिजा लिहून घेत गेले. रामपूरला तर त्यांनी खुद्द नवाब हमीद अली खाँ यांचा गंडा बांधला, कारण तिथल्या उस्ताद वझीर खाँकडची विद्या मिळण्याची वाट नवाबाच्या मर्जीतून जात होती. जयपूरच्या गायकांच्या चिजा त्यांनी फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. ते तेव्हाचे नवलाईचे यंत्र, आणि त्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायला बिचकणारे गवई बरेच होते. आवाज एकदा यंत्रात गेला की तो कुणाचा, ही त्यांची धास्ती आज वेडगळ वाटत नाही.

हे सगळे भातखंड्यांनी छापले. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग, मूळ मराठीत. खुणा अशा की कंपोझिटरचा जीव मेटाकुटीला येऊ नये: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर. हाथरसच्या संगीत कार्यालयाने पुढे ही मालिका हिंदीत आणली आणि उत्तरेतल्या कॉलेजांतून ती घरोघर गेली. कारकुनाच्या मुलीलाही यमनची बंदिश पेटीवर वाचून वाजवता येऊ लागली. जन्मभर सेवा केल्याशिवाय मिळू नये असे ज्याला म्हटले जाई, ते पुस्तकाच्या दुकानात मिळू लागले.

उस्तादांच्या बाजूने पाहिले तर चित्र एवढे उजळ नाही. प्रत्येक बंदिशीखाली ती कुणी दिली याची नोंद या पुस्तकांत नाही. बंदिशीत स्वतःचे नाव गुंफण्याची गवयांची जुनी रीत म्हणजे मुद्रा. मुहम्मद शहाच्या दरबारातला नियामत खाँ ‘सदारंग’ म्हणून आजही ख्यालांतून भेटतो. भातखंड्यांनी स्वतः ‘चतुर’ ही मुद्रा घेतली, त्यांचे शिष्य आणि मॅरिस कॉलेजचे प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ‘सुजान’. रचणाऱ्याचे नाव असे शिल्लक राहिले. पिढ्यान्‌पिढ्या चीज सांभाळून अखेर ती देऊन टाकणाऱ्याचे नाव मात्र बहुतेक वेळा गळले. कायद्यानेही त्याला काही मिळाले नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातले 57 वे कलम लेखकाचे नाव पुसायला मनाई करते. सांभाळणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

तरीही कॉपीराइट या कल्पनेतला व्यवहार उस्तादांच्या व्यवहारापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवे. निर्मात्याने आपली वस्तू लोकांपुढे मांडावी, मोबदल्यात ठरावीक मुदतीपर्यंत तिची मालकी घ्यावी, मुदत सरली की ती सगळ्यांची. भातखंड्यांचे निधन 19 सप्टेंबर 1936 रोजी झाले; तेव्हाच्या पन्नास वर्षांच्या हिशेबाने त्यांचे लेखन 1980 च्या दशकातच मुक्त झाले. 1991 च्या अखेरीस ही मुदत साठ वर्षांची झाली, कारण रवींद्रनाथांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क त्याच डिसेंबरात संपणार होता. दार उघडायच्या दिवशीच उंबरठा दहा वर्षे पुढे सरकवला गेला. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ 2011 च्या जानेवारीपासून कुणालाही छापता येते, आणि ती अनेकांनी छापली. आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे, दोघेही 1969 साली गेले. त्यांची पाळी 1 जानेवारी 2030 ला येईल. गदिमांसाठी 2038 उजाडेल.

रेकॉर्डचा हिशेब वेगळा, प्रकाशनापासून साठ वर्षे. म्हणजे 1964 पर्यंत बाजारात आलेली ध्वनिमुद्रणे आता मोकळी. लखनौत पसंदबागेत चिरनिद्रा घेणाऱ्या बेगम अख्तर यांच्या कितीतरी तबकड्या त्यात येतात. पण गझल शकील बदायुनींची असेल तर शब्दांवरचा हक्क 2030 संपेपर्यंत जिवंत. एकाच तबकडीत आवाज सुटलेला आणि शब्द बांधलेले, हे समजावून सांगताना वकिलांचीही दमछाक होते. संकेतस्थळांवरच्या आपोआप चालणाऱ्या तपासणीचे तर विचारूच नये. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती समर्थांच्या नावावर आहे, तीनशे वर्षांहून जुनी. रेकॉर्ड कंपनीचा हक्क तिच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणापुरता. घरच्या गणपतीपुढे घरच्यांनीच म्हटलेल्या आरतीचा व्हिडिओ चढवला आणि हक्काची नोटीस आली, तर घाबरून तो उतरवण्याऐवजी आक्षेप नोंदवावा. नोटीस यंत्राची असते. यंत्राला चाल ओळखता येते, समर्थ ओळखता येत नाहीत.

कॉपीराइटबद्दल सामान्य माणसाची मते ठाम असतात आणि कायदा न वाचताही ती अर्धीअधिक बरोबर निघतात. ‘लग्नात गाणी लावायला कसले पैसे?’ हे त्यातले पहिले. कायद्यात विवाहाच्या वरातीपासून सोहळ्यापर्यंत सूट आहेच, आणि केंद्राच्या उद्योग विभागाने 24 जुलै 2023 रोजी जाहीर सूचना काढून ती पुन्हा सांगितली. गोव्यात मात्र पंचाईत झाली. राज्य सरकारने जानेवारी 2024 मध्ये त्याच धर्तीवर परिपत्रक काढले, रेकॉर्ड कंपन्यांच्या बाजूने ते कोर्टात गेले आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले. परिपत्रक कायद्याच्या पलीकडे जाते, असे कोर्टाला दिसले. कायद्यातली सूट जागेवरच आहे. हॉटेलवाला आणि वसुलीवाला यांची हुज्जतही.

दुसरे मत: ‘गाणे लिहिणाऱ्याला एकदा पैसे दिले, संपले.’ हे चूक, आणि ते चूक ठरवण्यात एका लखनवी माणसाचा वाटा मोठा. बालपणाची काही वर्षे लखनौत काढलेले जावेद अख्तर राज्यसभेत गीतकार-संगीतकारांसाठी भांडले. 2012 च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला त्यांचा वाटा असा बांधून दिला की निर्मात्याने करारावर सही घेतली तरी तो काढून घेता येत नाही. मराठी चित्रपटांच्या गीतकारांनाही हा हक्क लागू आहे. त्यांच्यापैकी किती जणांनी त्यासाठी नाव नोंदवले आहे, हे प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या गीतकाराला विचारून पाहावे.

तिसरे मत सर्वांत पक्के: ‘पैसे मोजले, वस्तू माझी.’ छापील पुस्तकाबाबत हे शंभर टक्के खरे. ते वाचून मित्राला द्या, रद्दीत घाला, वाचनालयाला भेट द्या. दिवाळी अंकांची वाचनालयांतली योजना याच हक्कावर चालते: शे-दोनशे रुपये भरा आणि संक्रांतीपर्यंत अंकांची चळत वाचून काढा. ई-पुस्तकाच्या बाबतीत हे मत कोसळते, कारण तिथे ‘विकत घ्या’ या बटणामागे वाचण्याचा परवाना विकला जातो. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तके परत काढून घेतली. ती जॉर्ज ऑर्वेलची होती, त्यातले एक ‘नाइन्टीन एटी-फोर’. पैसे परत मिळाले, पण विक्रेत्याचा हात खरेदीदाराच्या कपाटात शिरू शकतो हे जगाला कळले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच कंपनीने पुस्तक संगणकावर उतरवून वायरीने किंडलमध्ये घालण्याची सोयही बंद केली.

गोष्ट पुन्हा खाँसाहेबांच्या ओसरीवर आली आहे. कॉपीराइटची मुदत असते. कुलपाला ती नसते. साठ वर्षांनी कायदा म्हणेल पुस्तक सगळ्यांचे, आणि कुलपाला त्याची खबरही नसेल. उस्तादाकडे दुसरा उपाय नव्हता, म्हणून त्याची लपवाछपवी समजून घेता येते. कंपनीकडे कायदाही आहे आणि कुलूपही, आणि शागिर्दाने मात्र दरमहा गंडा बांधायचा.

भारतीय कायदा इथे अमेरिकेपेक्षा शहाणा निघाला. 2012 साली आलेले 65अ हे कलम डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंग दाखवते, पण हक्कभंग करण्याचा इरादा असेल तरच. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप काढले तर तो गुन्हा होत नाही. हे फारच थोड्यांना माहीत आहे, मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांना तर नाहीच. घेतलेली वस्तू दुरुस्तही करता यावी म्हणून ग्राहक व्यवहार खात्याने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे आहेत. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने अंध वाचकांसाठी पुस्तक वाचता येईल अशा स्वरूपात आणायलाही मुभा दिली, आणि त्यासाठीचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर करणारा पहिला देश भारत ठरला, 2014 साली. कुलूपबंद ई-पुस्तक स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला बऱ्याचदा दाद देत नाही, ही अडचण ते वाचक जाणतात.

आवाजाचा प्रश्न फोनोग्राफच्या कर्ण्यापाशी थांबला नाही. 2025 मध्ये आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयात जाऊन, यंत्राने केलेली आपल्या आवाजाची नक्कल कुणी विकू नये, असा आदेश मिळवावा लागला. जयपूरच्या गवयांना या बातमीचे आश्चर्य वाटले नसते.

राहता राहिली दिवाळी अंकांची पीडीएफ. अंक बाजारात आला की आठवड्याच्या आत तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरू लागतो, हात जोडलेल्या बाहुलीसह, ‘वाचनीय’ असे लिहून. पाठवणारे सज्जन असतात. सेवानिवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, साहित्यप्रेमी. ‘प्रसिद्धीच होते ना’, हा त्यांचा युक्तिवाद. स्वतःसाठी एक प्रत काढणे कायद्यात बसते; शेकडो जणांच्या गटाला अख्खा अंक पाठवणे बसत नाही, आणि 63 व्या कलमात त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलेली आहे. नफ्यासाठी केले नसेल तर कोर्ट ती कमी करू शकते. त्या गटांवर पोलीस पाठवावेत असे कुणा संपादकाला वाटत नाही. पण छपाईचे बिल जाहिरातीतून निघते, लेखकांचे मानधन विक्रीतून, आणि विक्रीच्या पहिल्या पंधरवड्यातच फुकट प्रत हातोहात गेली की पहिली कात्री कुठे लागते हे सांगायला नको.

त्याच वेळी हेही खरे की अमीनाबादेत उर्दू पुस्तकांसाठी ‘दानिश महल’ आहे, मराठी अंकाचा स्टॉल नाही. लखनौ, इंदूर वा लंडनच्या मराठी घरात अंक पोचवायचा तर टपालखर्च अंकाच्या किमतीशी स्पर्धा करतो. अशा वाचकाला चोर म्हणणे हा प्रकाशकांचा आळस आहे. त्याच्यापुढे विकत घेण्याजोगे काही ठेवलेच नव्हते.

म्हणून यंदा या दिवाळी अंकाची ई-आवृत्ती छापील अंकाबरोबर, त्याच दिवशी आणि निम्म्या किमतीत निघत आहे. तिला कुलूप नाही. घेणाऱ्याने ती आपल्या फोनवर, संगणकावर, पेनड्राइव्हवर कुठेही ठेवावी. पुढे हा अंक बंद पडला तरी ती उघडेल. मजकूर चित्ररूपात न ठेवता युनिकोडमध्ये दिला आहे, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला तो वाचता येईल. प्रत्येक लेखाचा हक्क लेखकाकडे आहे, आणि अंकाला छापण्याची परवानगी एका वर्षापुरतीच मिळाली आहे. लोकगीते आणि जुन्या बंदिशी यांच्यावरच्या लेखांत त्या कुणाकडून मिळाल्या, त्या आजीबाईंचे, गुरुजींचे किंवा खाँसाहेबांचे नाव, त्यांची संमती असेल तिथे, रचनेखालीच छापले आहे. मानधनाच्या रकमा अंक छपाईला जाण्यापूर्वी पोचत्या केल्या आहेत. कुणाची राहिली असल्यास कार्यालयाला कळवावे.