पाडायलाच हवं होतं का?

नॉर्वेतल्या जुन्या लाकडी चर्चबद्दल वाचताना एक वाक्य हमखास भेटतं. गावं वाढली, जुनी चर्च अपुरी पडू लागली, मग पाडण्यावाचून इलाज काय होता? हे इतकं समंजस वाटतं की आपण मान डोलावून पुढे जातो. मला ते साफ अमान्य आहे.

आधी पाडलं काय, ते पाहू. मध्ययुगात नॉर्वेत अशी हजाराहून अधिक चर्च असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज उरलीत 28. त्यांतलं सर्वांत चांगलं टिकलेलं म्हणजे लेर्डाल खोऱ्यातलं बोर्गुंडचं चर्च. बांधकाम 1180च्या सुमाराचं. त्याआधीच्या चर्चचे खांब सरळ जमिनीत पुरत. ते बुडाशी कुजत. बोर्गुंडच्या सुतारांनी दगडी जोतं घातलं, त्यावर जाड तुळयांची चौकट बसवली आणि खांब तिच्यावर उभे केले. लाकूड ओल्या मातीतून सुटलं! वर एकावर एक चढत गेलेली छपरं, त्यांवर माशाच्या खवल्यांसारख्या बसवलेल्या फळ्या, लाकडाला डांबराचे हात. क्रूस आहेतच, पण त्यांच्या जोडीला छपरांच्या टोकांवर ड्रॅगनची मुंडकीही आहेत.

1349 च्या प्लेगने गावंच्या गावं ओस पडली आणि कितीतरी चर्च आपोआप ढासळली. त्याचा दोष कुणाला देणार? पण 1851 साली कायदा आला, की चर्चमध्ये तिथल्या लोकसंख्येच्या तीन दशांश माणसं मावलीच पाहिजेत. हेतू चांगलाच होता. पण कायद्याने मोजली ती फक्त डोकी. आधीच सुरू असलेल्या पाडापाडीला आता सरकारी कारण मिळालं.

इलाज नव्हता? बोर्गुंडलाच बघा. जागा तिथेही अपुरीच होती. 1868 साली गावाने शेजारी नवं चर्च बांधलं आणि जुनं उभं ठेवलं. 1877 साली जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने ते विकत घेतलं. दोन्ही चर्च आजही शेजारी शेजारी उभी आहेत.

वांगचं नशीब वेगळं. तिथलं चर्च गावाला नकोसं झालं, तेव्हा 1841 साली चित्रकार योहान क्रिस्तियान डाल यांनी ते घेतलं. पुढे ते प्रशियाच्या राजाकडे गेलं आणि 1844 पासून आजच्या पोलंडमधल्या कार्पाच इथे उभं आहे. वाचलं खरं, पण परमुलखात.

कुणी म्हणेल, दोन दोन इमारती सांभाळायच्या तर खर्च येतो. येतोच. पण नवं बांधायचा खर्च तर दोन्हीकडे सारखाच होता! उरला प्रश्न जुन्याच्या डागडुजीचा. ती नको म्हणून सातशे वर्षांची वास्तू पाडली, तर त्याला ‘इलाज नव्हता’ म्हणत नाहीत. ‘आम्हाला नको होती’ म्हणतात. निदान तेवढं तरी खरं बोलावं.