पापनिवेदनाचे गुपित आणि बालकांचे रक्षण

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०२५ च्या मे महिन्यात एक कायदा केला. बालकावरील अत्याचार कळल्यास तो शासनास कळविण्याचे जे बंधन शिक्षकांवर होते, ते त्याने धर्मगुरूंवरही घातले. आणि पापनिवेदनात, म्हणजे गोव्यातील ख्रिस्ती बांधव ज्यास कुमसार म्हणतात त्या संस्कारात, जे कानी पडते त्यालाही सूट ठेवली नाही. कॅथलिक बिशप न्यायालयात गेले. जुलैत न्यायालयाने या तरतुदीस स्थगिती दिली आणि ऑक्टोबरात राज्याने पापनिवेदनापुरती माघार घेतली. ही परदेशची वार्ता म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तोच प्रश्न आपल्या कायद्यातही दडलेला आहे. त्याचा उच्चार मात्र कोणी करीत नाही.

धर्मगुरूंची बाजू हलकी लेखण्यासारखी नाही. हे गुपित फोडणाऱ्यास पदच्युत करून आजन्म मठात प्रायश्चित्त घ्यावयास लावावे, असे १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरविले. आजही चर्चच्या कायद्यात त्याला बहिष्काराची शिक्षा आहे. मनुष्य जेथे आपले अंतःकरण उघडे करतो तेथे पोलिसाचा कान असू नये, हे तत्त्व ख्रिस्तेतरांसही पटावे. २०१८ साली केरळातील काही धर्मगुरूंवर, एका स्त्रीच्या पापनिवेदनाचा गैरफायदा घेऊन तिचे शोषण केल्याचा आरोप झाला. तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. ती आम्हांस अतिरेकी वाटते. विश्वासघातक्यास शिक्षा व्हावी. पण त्याच्या अपराधासाठी लक्षावधी श्रद्धावंतांचा आधार काढून घेणे हा न्याय नव्हे.

तथापि ऑस्ट्रेलियाचा अनुभव दृष्टीआड करता येत नाही. क्वीन्सलंडमधील एका शिक्षा झालेल्या धर्मगुरूने २००४ साली प्रतिज्ञापत्रावर सांगितले की, २५ वर्षांत आपण बालकांवरील अत्याचारांची कबुली ३० धर्मगुरूंपुढे सुमारे १५०० वेळा दिली. गुपित राखले नाही तर गुन्हेगार पापनिवेदनास येणार नाही आणि सुधारणेची संधी जाईल, असे सांगितले जाते. हा गुन्हेगार तर वर्षानुवर्षे येत होता. त्यामुळे कोणते मूल वाचले? तेथील शाही आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये पापनिवेदनास सूट नसावी अशी शिफारस केली आणि २०१९ साली व्हिक्टोरियाने, २०२० साली क्वीन्सलंडने तसे कायदे केले.

आता आपल्याकडे पाहू. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याचे १९ वे कलम, बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीवर ती पोलिसांस देण्याचे बंधन घालते. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. धर्मगुरूंस त्यात अपवाद नाही. वकिलास अशिलाचे गुपित राखण्यासाठी जे संरक्षण आहे, ते धर्मगुरूस १८७२ च्या पुरावा कायद्याने दिले नव्हते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही दिलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात एका डॉक्टरवर अत्याचार न कळविल्याचा आरोप होता. तेव्हा, माहिती असून मौन राखणे हा गंभीर गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले. म्हणजे उद्या वसईच्या एखाद्या धर्मगुरूसमोर असा प्रसंग आला, तर एका बाजूस तुरुंग आणि दुसऱ्या बाजूस बहिष्कार!

आमचे मत स्पष्ट आहे. चोरी, व्यभिचार, द्वेष यांच्या कबुलीजबाबात शासनाने डोकावू नये. परंतु मूल स्वतःचे रक्षण करू शकत नाही. त्याच्यासाठी बोलणे हे जाणत्याचे कर्तव्य ठरते. क्षमेची अट म्हणून गुन्हेगारास पोलिसांच्या स्वाधीन होण्यास सांगता येणार नाही, अशी भूमिका व्हॅटिकनने २०१९ साली घेतली. ती आम्हांस मान्य नाही. ज्या पश्चात्तापाची तयारी स्वतः शिक्षा भोगण्याची नाही, तो पश्चात्ताप कसला? आपल्या बिशपांनी या प्रश्नावर मौन सोडावे आणि देशाचा कायदा काय सांगतो हे प्रत्येक धर्मगुरूस निःसंदिग्ध शब्दांत कळवावे. एखादे मूल बळी पडल्यावर ही चर्चा सुरू होण्यापेक्षा ती आजच व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.