ठेव कोणाची, हिशेब कोणाचा?

"मूळ ग्रीकमध्ये अगदी स्पष्ट आहे," असं छातीठोक सांगणाऱ्या उपदेशकांचा मला संताप येतो. आमच्या हाटकेशमध्ये भाड्याच्या गाळ्यात भरणाऱ्या एका प्रार्थनासभेत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं १:१२ हे वचन असंच सांगितलं गेलं: तुम्ही देवाच्या हवाली कराल ते तो राखेल, तेव्हा हात आखडता घेऊ नका. लगेच थैली फिरली. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी पदराची गाठ सोडून नोटा टाकल्या.

ग्रीकमध्ये यातलं काहीही स्पष्ट नाही. शब्द आहेत 'तेन पाराथेकेन मू', माझी ठेव. 'मू' ही षष्ठी. ठेव मी ठेवली की माझ्याकडे ठेवली गेली, हे षष्ठी सांगत नाही. मराठीत तरी कुठे सांगते? खातेदार 'माझी ठेव' म्हणतो आणि अहवालात 'बँकेच्या ठेवी' छापतात, पैसा तोच. १६११च्या किंग जेम्स भाषांतराने पौलाने देवाकडे सोपवलेली ठेव, असा अर्थ घेतला. विसाव्या शतकातल्या आरएसव्ही या इंग्रजी भाषांतराने पौलाकडे सोपवलेली ठेव असं छापलं आणि दुसरा अर्थ प्रामाणिकपणे तळटीपेत दिला.

नव्या करारात हा शब्द तीनदाच येतो, तिन्ही वेळा तीमथ्याच्या पत्रांत, आणि दरवेळी 'राखणे' या क्रियापदासोबत. उरलेल्या दोन्ही ठिकाणी ठेव तीमथ्याच्या हाती आहे आणि ती राखायची ताकीद त्यालाच आहे. त्यातलं एक वचन तर इथून दोनच वचनं पुढे, १:१४. म्हणून मला पौलाकडे सोपवलेली शिकवण हाच अर्थ जास्त पटतो. बाराव्या वचनात राखणारा देव आहे, त्यामुळे दुसरा अर्थ खोडता येत नाही, हेही खरं. पण मग दोन्ही सांगा ना!

ग्रीक ही लोकांना गप्प करायची काठी नव्हे. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते अडाणी बाईलाही कळावं म्हणून. त्या १९२२ साली गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून आलं. खाडीपलीकडच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल'साठी अशीच हाडं झिजवली.

एकच अर्थ रेटण्यामागचं कारण उघड आहे. ठेव पौलाकडे सोपवलेली, हा अर्थ मान्य केला की राखणदार ठरतो उपदेशकच, आणि राखणदाराला जाब विचारता येतो. लेवीयच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याची ठेव बुडवणाऱ्याने ती पुरती परत करून वर पाचवा हिस्सा भरायचा आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथेही हाच शब्द आहे. त्यावर प्रवचन करा. आणि वर्षभरात थैलीत किती जमलं, भाड्यात किती गेलं, कोणाच्या घरी किती गेलं, ते कागदावर लिहून दाराला लावा.