आधी दगड, मग पुस्तक

अग्निज, स्तरित आणि रूपांतरित हा खडकांचा तक्ता तुम्हा सर्वांना पाठ असतो. पण अकरावीच्या वर्गात बेसाल्टचा तुकडा टेबलावर ठेवून 'हे काय?' असे मी विचारले, की उत्तर येते, 'काळा दगड'. उत्तर चूक नाही. मात्र ज्या खडकावर आपले गाव उभे आहे त्याची ओळख एवढ्यावरच थांबावी, याचे वाईट वाटते.

माझ्या मते ही ओळख चौथीच्या आत आणि वर्गाबाहेर व्हायला हवी. नावे मागाहून आली तरी चालतील. पावसाळा सरल्यावर घरातील एखाद्या मोठ्या माणसाबरोबर गाढी नदीच्या काठी जा. धाकट्या भावंडाला बरोबर घ्या. दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक वाळूतून ओढा. त्याला बारीक काळे कण चिकटतील. ते मुख्यतः मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. बेसाल्ट झिजताना सुटून आलेले. मग बाटलीत मूठभर गाळ आणि पाणी घालून हलवा व ठेवून द्या. जाड वाळू तेव्हाच तळाशी बसेल, बारीक माती मात्र कित्येक तास पाणी गढूळ ठेवील. सहा वर्षांचे मूलही विचारील, 'असे का?' लगेच उत्तर सांगून टाकू नका!

कर्नाळ्याला शाळांच्या सहली जातातच. १९६८ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, म्हणून साऱ्या माना पक्ष्यांसाठी वर होतात आणि समोरचा बेसाल्टचा सुळका तसाच राहून जातो. (तेथला दगड मात्र उचलून आणू नका.)

भूशास्त्राच्या ग्रंथांत 'पनवेल फ्लेक्शर' असे नाव आढळते. होय, आपलेच पनवेल! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे आहेत; पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राकडे कललेले आहेत, ओट्याच्या कडेवरून चटई खाली लोंबावी तसे. पश्चिम किनारा घडताना भूकवचावर जे ताण पडले त्यांच्याशी शास्त्रज्ञ याचा संबंध जोडतात. जगभरच्या अभ्यासकांनी ज्यावर लिहिले, ते पनवेलच्या मुलांनी ऐकलेलेही नसावे?

शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे, पैसा कुठे आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरविली. खडे, पाने, बिया हीच त्यांची साधने होती. त्यांना काय पैसा लागतो?

आणि थांबायला सवड नाही. आसपासच्या टेकड्या खडीसाठी फोडल्या गेल्या. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली. विमानतळ नको, असे मी म्हणत नाही. पण टेकडी पुन्हा उभी करता येत नाही.

तेव्हा येत्या सुटीत नदीकाठी पांढऱ्या ठिपक्यांचा काळा दगड शोधा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत मागाहून पांढरी खनिजे भरली. दगडाला चिठ्ठी चिकटवा, तीवर जागा आणि तारीख लिहा. अक्षर धाकट्याचे असू द्या.