फरशी मोकळी ठेवा

घरात वर्षा-सव्वा वर्षाचं मूल असलं की येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता विचारतो, 'काय, चालायला लागली का?' 'अजून नाही, धरून धरून चालते,' म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. 'आमचा तर नवव्या महिन्यातच सुटा चालत होता हो!' बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. तो चहा पिऊन निघून जातो आणि बाळाची आई रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर शोधत बसते. मालीश लवकर बंद केली का आपण? फार कडेवर घेतलं का? हाडं कच्ची राहिली का?

माझ्याकडे सध्या सव्वा वर्षाची नात आहे. लेक नोकरीला जाते, त्यामुळे दिवसभर आम्ही दोघीच घरात असतो. या प्रश्नाचं उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून आज इथे देते.

जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ मुलांची हालचाल महिनोन् महिने पाहून २००६ मध्ये त्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातली भारतातली मुलं दिल्लीची होती. ही सगळी निरोगी, खाऊनपिऊन नीट असलेली मुलं. आधाराशिवाय चालायला ती कधी लागली? अगदी लवकर चालणारी ८.२ महिन्यांच्या सुमारास आणि अगदी उशिरा चालणारी १७.६ महिन्यांच्या सुमारास. म्हणजे मधे नऊ महिन्यांहून जास्त अंतर आहे आणि या अंतरातलं प्रत्येक मूल ठीकच आहे. त्याच पाहणीत सुमारे ४ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसल्या बसल्या सरकत गेलं, कुणी थेट उभं राहिलं, आणि पुढे चालली सगळीच. नवव्या महिन्यात चालणारा शेजारचा मुलगा त्यामुळे हुशार ठरत नाही आणि सोळाव्या महिन्यात चालणारी आपली मुलगी मंद ठरत नाही. पहिलीच्या वर्गात ही दोघं शेजारी बसतील तेव्हा कोण आधी चाललं ते कुणाला सांगता येणार नाही.

मला त्या पाहणीतली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 'चालायला लागलं' हे त्यांनी कधी मानलं? मुलानं आधाराशिवाय निदान पाच पावलं टाकली तेव्हा. आपण मात्र पहिल्या पावलाचा फार मोठा सोहळा करून ठेवला आहे. ते पाऊल कॅमेऱ्यात पकडायचं, सगळ्यांना पाठवायचं, तारीख लिहून ठेवायची. प्रत्यक्षात ते पाऊल येतं, दुसऱ्या दिवशी नाहीसं होतं, चार दिवस मूल पुन्हा रांगतं, मग दोन पावलं टाकून सोफ्याला जाऊन धडकतं. कुठलं पाऊल पहिलं म्हणायचं?

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधक कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळताना पाहिली आणि २०१२ मध्ये त्याचा हिशेब मांडला. ताशी सरासरी २,३६८ पावलं, सुमारे ७०० मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं. एका तासात! घरातल्या मोठ्या माणसांना हे आकडे मी मुद्दाम वाचून दाखवले, कारण पोरगी पडली की आमच्याकडे तिघं एकदम धावत सुटतात. मूल पडलं की ते आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतं. आपण 'अगं बाई' म्हणून किंचाळलो तर ते रडतं. आपण आपल्या कामात असलो तर बुड झटकल्यासारखं करून उठतं आणि चालू लागतं. खरंच लागलं असेल तेव्हाचं रडणं वेगळं असतं, ते कोणत्याही आजीला स्वयंपाकघरातून ऐकू येतं.

चालायला शिकण्यासाठी मुलाला पाहिजे ती जमीन. ती वातानुकूलित खेळघरातच असावी असं काही नाही, घरातली फरशी पुरते. पण आपल्या शहरी घरांत नेमकी तीच राहिलेली नाही. दीड खोल्यांत सोफा, मधे काचेचं टेबल, कोपऱ्यात धुणं वाळत घालायचा स्टँड, आणि उरलेल्या जागेत मुलासाठीच आणलेला ढीग: झोपाळा, उंच खुर्ची, खेळण्यांचं पिंप, चाकांचं वॉकर. मुलाला बसवण्याच्या वस्तू इतक्या झाल्या की मूल जमिनीवर उतरतच नाही. आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. तीन तास. उंच खुर्चीत आणि बाबागाडीत ते होणार नाहीत.

मी काचेचं टेबल लेकाकडे पाठवून दिलं. सोफा भिंतीला लावला. ओट्याखालचा सर्वांत खालचा कप्पा तिच्या नावावर केला. त्यात सुऱ्या, किसणी, विळी काही नाही. वाट्या, डाव, स्टीलचे डबे, पोळपाट, लाकडी रवी, एवढंच. सकाळी तिची आई गेली की ती त्या कप्प्यापाशी बसते. परवा तिनं पोह्यांच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावायला घेतलं. आधी उलटं ठेवलं, ते घसरलं. दुसऱ्या डब्याचं छोटं झाकण घेतलं, ते आत पडलं. आत पडलेलं बघून तिला फारच मजा वाटली, म्हणून ते काढून पुन्हा आत टाकलं. मग पहिलं झाकण पुन्हा. या खेपेला ते एका बाजूनं बसलं, दुसरी बाजू वर राहिली. तळहातानं तिनं वरच्या बाजूवर थापटी मारली आणि झाकण खट्ट बसलं. त्या आवाजानं ती स्वतःच दचकली, माझ्याकडे बघितलं आणि मग लगेच झाकण उघडून घ्यायला डबा माझ्या पुढ्यात आणून आपटला. भाजी फोडणीला टाकायला मला उशीर झाला, कारण पुढे किती तरी वेळ मी तो डबा उघडत होते आणि ती लावत होती.

वस्तू खाली टाकण्याचा उद्योग तर प्रत्येक घरात चालतो. चमचा टाकायचा, उचलून दिला की पुन्हा टाकायचा. पुष्कळ घरांत यावर हातावर चापट बसते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं आपल्या तीन मुलांची बाळपणं बारकाईनं टिपून ठेवली होती. त्याचा मुलगा लॉराँ दहा महिन्यांचा असताना सेल्युलॉइडचा हंस, डबी अशा वस्तू हात वेगवेगळ्या जागी नेऊन सोडायचा आणि त्या कुठे पडतात ते बघायचा. आमची नात चमचा आधी फरशीवर टाकते, मग सतरंजीवर. फरशीवर खणखणतो, सतरंजीवर आवाज नाही. ती पुन्हा फरशीवर टाकून खात्री करून घेते. एवढ्या एकाग्रतेनं चाललेल्या कामाला मी खोडी म्हणणार नाही आणि चापट तर मुळीच मारू देणार नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं ते मुलाचा खेळ हेच त्याचं शिकणं, या श्रद्धेनं. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली आणि खडे, शिंपले, पानं, बिया यांनाच शिक्षणाचं साहित्य मानलं. आज 'मेंदूच्या विकासासाठी' म्हणून हजारो रुपयांची प्लॅस्टिकची खेळणी घेणाऱ्या तरुण आईबापांना मी कळकळीनं सांगते, आधी ओट्याखालचा कप्पा उघडून द्या.

वॉकरबद्दल मात्र मला ठाम बोलायचं आहे. चाकांचं ते गोल वॉकर बारशाला हमखास भेट येतं. त्यात मूल लोंबकळत बसतं, चवड्यांनी जमीन ढकलतं आणि स्वतःचा तोल सांभाळायची त्याला गरजच पडत नाही. शिवाय ते क्षणात जिन्यापर्यंत, गॅसपर्यंत, गरम चहाच्या कपापर्यंत पोचतं. कॅनडानं २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली. आपल्याकडे ते प्रत्येक खेळण्याच्या दुकानात टांगलेलं असतं. त्याउलट आपला पांगुळगाडा बघा. तीन चाकं आणि धरायला दांडा. त्यात मूल बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं. वजन स्वतःच्या पायांवर, तोल स्वतःचा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी अजून घडवली जातात, तसा एखादा गाडा भेट द्या. फक्त आताच्या गुळगुळीत टाइल्सवर तो पुढे पळतो आणि मूल तोंडावर येतं. म्हणून अंगणात किंवा खरखरीत फरशीवर चालवू द्या, शेजारी माणूस पाहिजे, आणि मुलाचे पाय अनवाणी असू द्या, मोजे घालून नव्हे.

आता जे लिहायचं आहे ते माझ्या लेकीसारख्या मुलींसाठी. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलंच झालं. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. तेव्हा मूल जेमतेम बसायला लागलेलं असतं. रांगणं, उभं राहणं, चालणं, पहिले शब्द, हे सगळं आई कामावर गेल्यानंतरचं. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असंही कायदा सांगतो. किती जणींच्या कचेरीत ती सोय आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या कचेरीत विचारून बघावं. शेतावर, बांधकामावर, घरकामाला जाणाऱ्या बायांपर्यंत तर यातलं काहीच पोचत नाही. त्यामुळे हजारो मुलांचं ते 'पहिलं पाऊल' पाळणाघरातल्या मावशी बघतात, आजी बघते, अंगणवाडीच्या सेविका बघतात. आणि आई संध्याकाळी ऐकते आणि डोळ्यांत पाणी आणते.

त्या आयांनो, तुमचं काही हुकलेलं नाही. ताशी दोन हजारांहून जास्त पावलं टाकणारं मूल तुमच्यासाठी काही राखून ठेवत नाही आणि काही संपवतही नाही. संध्याकाळी घरी आल्यावर पर्स खुंटीला लावा आणि जमिनीवर बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मूल जी झाकणं लावतं, जसं पडतं, 'ए' म्हणून बोट दाखवून जे विचारतं, ते सगळं अजून चालूच आहे. पाळणाघर निवडताना भिंतीवरची कार्टूनची चित्रं बघत बसू नका. मुलांना सुटं सोडायला जमीन किती आहे आणि दुपारी टीव्ही लावतात का, एवढं आधी विचारा. दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको, अपवाद फक्त लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलण्याचा, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं आहे. जेवताना मोबाइल समोर धरला की घास पटापट जातात हे खरं, पण काय खाल्लं ते त्या मुलाला कळतच नाही.

तुलना करू नका म्हणजे लक्षच देऊ नका, असं मात्र नाही. दीड वर्ष पूर्ण झालं तरी सुटं चालत नसेल, वर्ष उलटून गेलं तरी बोटानं काही दाखवत नसेल, हाक मारली तर वळून बघत नसेल, एकच हात किंवा एकच पाय वापरत असेल, किंवा येत असलेली गोष्ट यायची बंद झाली असेल, तर पाहुण्यांना नको, डॉक्टरांना विचारा, आणि 'होईल हळूहळू' म्हणणाऱ्यांचं ऐकून महिने घालवू नका. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो. त्या दिवशी कार्ड नेताना मनातले प्रश्नही कागदावर लिहून न्या. अंगणवाडीत वजन होतं तेव्हाही विचारा. अनेक सेविकांनी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मुलं चालताना पाहिलेली असतात.

संक्रांत आली की रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाणं होतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बत्तासे. मला हा सोहळा फार आवडतो, कारण एरवी पसाऱ्यावरून रागावणारी मोठी माणसं त्या दिवशी आपल्या हातानं मुलाभोवती पसारा घालतात. पण सव्वा वर्षाचं मूल हाती येईल ते तोंडात घालतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोराची बी, टणक हलवा आणि गोळ्या त्याच्या घशात अडकू शकतात. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे डॉक्टर देऊच नका म्हणतात, आणि बोलावलेली बालगोपाळ मंडळी बहुतेक त्याच वयाची असते. म्हणून ओतायला चुरमुरे भरपूर घ्या. बोरं मोठी आणि मोजकी घ्या आणि ती वेचायचं काम मोठ्या मुलांना द्या. ओवाळून, फोटो काढून झाले की दागिने लगेच उतरवून ठेवा. आणि सगळं आटोपलं की केरसुणी घ्यायची घाई करू नका. बोरं, घाटे, बत्तासे, कडक असेल ते सगळं उचललं की चुरमुरे तासभर तसेच राहू द्या, आणि मुलाला त्यात सोडून जवळ बसा.