कार्डावरील शब्द

व्हिजिटिंग कार्ड म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद असा जाड कागदाचा तुकडा. एवढ्याशा जागेत माणसाने आपल्याविषयी काय सांगावे बरे?

सानगडीस मी मुख्याध्यापक असताना गावातील कारागिरांसाठी अशी कार्डे तयार करण्याचा उपक्रम आम्ही हाती घेतला. एका मुलाचे वडील भांड्यांना कल्हई करीत. त्याने त्यांच्या नावाखाली वळणदार अक्षरांत लिहिले, 'सुप्रसिद्ध उद्योगपती'. मी विचारले, "अरे, यात कल्हईचा उल्लेख कोठे आहे?" तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, मुले हसतील."

हसण्यासारखे त्यात काय आहे? भंडारा पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. पण त्या भांड्याला आतून कथलाचा लेप नसेल, तर ताक किंवा आमटी कळकते आणि पोटास अपाय करते. तो लेप देणारा हात घराचे आरोग्य राखतो. मग ते काम लपवावे का? आणि 'उद्योगपती' वाचून भांडे घेऊन कोण येईल?

माझ्या मते कार्ड हे बढाईचे स्थान नव्हे. ते एक वचन आहे. नाव, काम, पत्ता व दूरध्वनी क्रमांक एवढे पुरे. क्रमांकाच्या १० अंकांतील एकही चुकला, तरी वचन मोडते. म्हणून ते तीनदा ताडून पाहावेत.

त्या मुलाने दुसरे कार्ड केले. त्यावर होते, 'पितळी भांड्यांना कल्हई करून मिळेल.' वडिलांनी ते वाचले आणि खिशात जपून ठेवले.